बदनापूरची तूर आणि मुद्दाम आजारी ठेवलेलं रान

दुधनाकाठ

दसरा झाला, तूर फुलोऱ्यात आली की आमच्या घरी दुसरा विषय नसतो. वडील सकाळी तासातासानं, म्हणजे पिकाच्या ओळीओळीनं, फिरतात आणि संध्याकाळी फोनवर मला सांगतात, आज अमुक तासात दोन झाडं माना टाकायलीत.

माझं माहेर जालना जिल्ह्यात, दुधनेच्या अलीकडं. मी पाचवीत असताना एका वर्षी आमची तीन एकर तूर ऐन फुलात उभी वाळली. रानात ओल होती, अळी नव्हती, पानांवर डाग नव्हता. वडिलांनी एक झाड उपटलं आणि विळ्यानं खोडाची साल वर ओढली. आत बुडापासून वर काळपट तपकिरी रेघ गेलेली. त्यांनी ते झाड तसंच हातात धरून ठेवलं, बराच वेळ. पुढं वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करायचं मी ठरवलं ते त्या रेघेमुळं.

तो मर रोग. फ्युजेरियम उडम नावाची बुरशी. बिहारमधल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या बटलर यांनी तिला हे नाव दिलं १९१० साली, म्हणजे रोग आपल्या आजोबा-पणजोबांच्याही ओळखीचा आहे. बुरशी जमिनीत राहते, बारीक मुळ्यांतून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढते. नळ्या तुंबतात आणि झाड ओल्या रानात तहानेनं मरतं. पीक निघालं तरी धसकटांवर ती दोन-तीन वर्षं तग धरते. रोग नळ्यांच्या आत असल्यामुळं वरून कितीही फवारा, पैसे वाया जातात. म्हणून तुरीच्या मरीवर खरा भरवशाचा उपाय एकच राहतो: असं झाड शोधायचं, जे बुरशीला आत पसरू देत नाही.

ते शोधतात कसं, हे लिहायचं म्हणून हा धागा.

शिकत असताना दोन हंगाम मी सिक प्लॉटवर काम केलं. सिक प्लॉट म्हणजे मुद्दाम आजारी केलेलं रान. ठिकठिकाणची मर लागून मेलेली तूर आणायची, तिचे तुकडे करायचे आणि या रानात गाडायचे. मग रोगाला हमखास बळी पडणारं वाण पेरायचं, तेही मेलं की तिथंच गाडायचं. असं वर्षानुवर्षं. कुठल्याही कोपऱ्यात ते कमजोर वाण पेरलं आणि जवळपास सगळं मेलं, की रान 'तयार' झालं म्हणायचं. त्यानंतर नवीन वाणांची परीक्षा सुरू होते. दर काही तासांनंतर एक तास त्या कमजोर वाणाचं असतं. हैदराबादजवळ पाटांचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आहे, तिथं मरीसाठी आयसीपी २३७६ हे वाण असं वापरतात. ते तास मेलं नाही, तर शेजारचं नवीन वाण कितीही हिरवंगार दिसो, निकाल धरत नाहीत. रोग तिथं पोचलाच नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

माझं काम मोजणीचं. प्रत्येक तासात उगवलेली झाडं किती, मेलेली किती. १० टक्क्यांच्या आत मर असेल तर प्रतिकारक. पुढं मध्यम प्रतिकारक, मग मध्यम बळी पडणारं, आणि ४० टक्क्यांच्या वर गेलं की ते वाण बाद. ज्यावर एखाद्यानं सात-आठ वर्षं घातलीत असं वाण एका पंधरवड्यात बाद होताना मी पाहिलंय.

एकदा वडील भेटायला आले. प्लॉटच्या बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "एवढी तूर मेलीय आन तुम्ही वह्या घेऊन मोजायलात?" मी त्यांना मधल्या एका तासात नेलं. डावीकडं काळं पडलेलं, उजवीकडं काळं पडलेलं, मधलं तास फुलानं पिवळं. त्यांनी खाली बसून त्या झाडाच्या बुडाची माती हातात घेतली आणि विचारलं, "माती हीच?" म्हटलं, हीच.

दुसरा रोग वांझ. झाड मरत नाही, हिरवंच राहतं, फिक्कट छटा असलेली बारकी पानं, झुडपासारखं दाट वाढलेलं, आणि फुलंच येत नाहीत. रोग पसरवतो एक कोळी, सुमारे ०.२ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्याची परीक्षा घ्यायची पद्धत डॉ. य. ल. नेने आणि रेड्डी यांनी १९७६ मध्ये मांडली, आणि ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहिल्यावर मी थक्क झाले. रोगट झाडाचं पान घ्यायचं, दहा-बारा दिवसांच्या निरोगी रोपाच्या पानाला गुंडाळायचं आणि छोट्या स्टेपलरनं पिन मारायची. रोगट पान सुकत जातं तसे कोळी ओल्या पानावर चालत जातात, सोबत विषाणू नेतात. वाकून वाकून पाठ जायची, पण दिवसाला शेकडो रोपं व्हायची.

या रोगाची नोंद १९३१ ची आहे, आणि विषाणू नेमका ओळखला गेला २००० च्या आसपास. मधल्या सत्तर वर्षांत शत्रूचं तोंडही न बघता लोक प्रतिकारक झाडं निवडत होते. आपल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं मोठेपण मला इथं दिसतं. बीएसएमआर ७३६ नावातलं 'बीएसएमआर' म्हणजे बदनापूरची वांझ रोगाला प्रतिकारक तूर. ही लाल तूर १९९० च्या दशकात आली, विषाणू ओळखला जाण्याआधी. पाठोपाठ पांढरी ८५३, जिला वैशाली म्हणतात. पुढं २०१२ ला लवकर येणारी पांढरी बीडीएन ७११, मग लाल ७१६. ही सगळी वाणं मर आणि वांझ दोन्ही रोगांच्या परीक्षेतून निघालेली.

दोन्ही का, तर एकाच रोगाकडं बघून चालत नाही. १९८६ ला आलेली मारुती, म्हणजे आयसीपी ८८६३, मरीला खमकी. पण वांझ रोगापुढं इतकी कमजोर की आज वांझ रोगाच्या चाचणीत बळी पडणारं तास म्हणून तिलाच पेरतात. १९९३ ची आशा दोन्ही रोगांना टिकली.

सरकारी शेतात तूर वाळलेली दिसली की येणारे-जाणारे हसतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. ते वाळलेलं रान जपायला माणसांचं अख्खं आयुष्य गेलंय. ते रान मोडलं तर नवीन वाण टिकेल की नाही हे तुमच्या-माझ्या रानात, आपल्या पैशावर कळेल.

मांजरा

फार सुंदर लिहिलंय. मी लातूरची, तूर म्हणजे येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) भज्जीतल्या ओल्या शेंगा एवढंच माझं ज्ञान होतं. स्टेपलरचं वाचून थांबले आणि नवऱ्याला वाचून दाखवलं.

एक विचारते. सासूबाईंनी बांधावर चार-पाच तुरीची झाडं तीन वर्षांपासून राखलीत, छाटून परत फुटतात. येळवशीला शेंगा त्याच्याच. ती ठेवली तर चालतात का?

कयाधू

ताई, राग मानू नका पण आमाला हे पटत नाई. औंदा दोन एकर ७११ पेरली. दुकानदारानं मर लागतच नाई म्हून देली. आता रोज धा-पंधरा झाडं बसायलीत. मग प्रतिकारक कशाला म्हणायचं? आमच्या हिंगोलीकडं बऱ्याच जणाचं असंच चालूय.

दुधनाकाठ

@कयाधू, राग कशाचा दादा, तुमचं पीक चाललंय. मला तीन गोष्टी सांगा. झाडं सगळीकडं विखरून मेलीत का पाणी साचतं त्या पट्ट्यातच? मेलेल्या झाडाच्या खोडावर बाहेरून खोलगट तपकिरी चट्टा आहे का, आणि झाड तिथंच मोडतं का? तिसरं, पाच झाडं उपटा आणि साल सोलून आतली रेघ बघा. शक्य असेल तर अर्धं वाळलेलं, अर्धं हिरवं झाड घ्या, पूर्ण वाळलेल्यात नीट कळत नाही.

@मांजरा, सासूबाईंच्या झाडांबद्दल सविस्तर लिहिते, पण आधी त्यांना येतं फूल का ते बघून सांगा.

जुनं_बियाणं

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक बाजू राहिली असं वाटतं. आमच्या आजोबांच्या काळात घरचंच बी होतं, कुठलं विद्यापीठ नाही, तरी घरात वर्षाची डाळ असायची. सुधारित वाणं आली आणि रोग आले. देशी वाणांतली ताकद आपणच घालवली.

दुधनाकाठ

अर्धं तुमचं खरं आहे आणि ते मनापासून मान्य करते. प्रतिकारशक्ती प्रयोगशाळेत तयार होत नाही. गावोगावच्या जुन्या तुरी गोळा करून त्या सिक प्लॉटवर पेरतात, त्यातून जी उभी राहते तिच्यापासून पुढचं वाण बांधतात. जुनं बी नसतं तर बदनापूरलाही काही नसतं.

पण रोग नवीन नाही, बटलरचं साल वर दिलंच आहे. आजोबांची तूर वाचायची त्याचं मोठं कारण मला वाटतं ज्वारी. तेव्हा तूर एकटी नसायची. ज्वारीच्या आठ-दहा ओळींमागं तुरीचं एक तास, आणि पुढच्या साली रान बदललेलं. ज्वारीसोबत किंवा ज्वारीच्या मागून घेतलेल्या तुरीत मर कमी येते हे इक्रिसॅटच्या प्रयोगांतही दिसलंय. आपण ज्वारी सोडली, सोयाबीन धरलं, आणि तूर त्याच त्या रानात येत राहिली. बुरशीला धसकटं वर्षाच्या वर्षाला मिळत गेली.

आणखी एक. तुरीच्या फुलांवर मधमाश्या असतात, शेजारच्या रानातला पराग आपल्या तुरीत येतो. गहू-हरभऱ्याचं बी घरी राखलं तर बऱ्यापैकी तसंच राहतं, तुरीचं राहत नाही. चार-पाच वर्षं घरचंच बी पेरलं की नाव ७३६ राहतं, आत निम्मं भलतंच असतं.

निवृत्त_सहायक

कृषी खात्यात ३१ वर्षं काढली. वरच्या शेवटच्या परिच्छेदाला माझी साक्ष धरा. शेतकरी सांगायचे वाण फेल गेलं, आणि बियाणं विचारलं की पाव्हण्याकडून आणलेलं निघायचं.

या धाग्यावर परभणीच्या भेंडीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. भेंडीचा हळद्या सगळ्यांना माहीत आहे, पानाच्या शिरा पिवळ्या पडतात आणि फळ पांढुरकं, चिवट होतं. पांढरी माशी पसरवते. एकेकाळी पुसा सावनी ही भेंडी या रोगाला टिकायची म्हणून देशभर गाजली, पुढं तीच त्याला बळी पडायला लागली. तेव्हा परभणीला डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी भेंडीची रानटी बहीण घेतली, अबेलमॉस्कस मॅनिहॉट. तिला हळद्या होत नव्हता. तिचा संकर पुसा सावनीशी केला, मग पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी जोडत नेला, म्हणजे रानटीपणा जाईल आणि प्रतिकार राहील. तो प्रतिकार एकाच प्रभावी जनुकामुळं येतो हेही त्यांनीच दाखवलं. त्यातून आली परभणी क्रांती. १९८० च्या दशकात तिचं बी घ्यायला माणसं आमच्या दारात उभी असायची.

आणि आता तिच्यावरही हळद्या येतो. विषाणू बसून राहत नाही. तरण्या पोरांना माझं सांगणं असतं, क्रांती फसली म्हणू नका, तिनं आमची कितीतरी वर्षं काढली.

पुण्यातला_परभणीकर

परभणी क्रांती! आईच्या परसात हीच होती. नावामागं एवढं आहे हे आज कळलं, आभार.

पण २०२० च्या दशकात अजून धसकटं गाडून तूर मारत बसायचं? जनुक कळलं की थेट बसवता येत नाही का? तुरीचा जीनोम तर वाचून झालाय ना?

दुधनाकाठ

झालाय, आणि तो आशा या वाणाचाच वाचला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, ४८ हजारांवर जनुकं. पण मर रोखणारं नेमकं कोणतं, ते एकटं पुरतं का, हे त्या यादीत लिहिलेलं नसतं.

हरभऱ्यात मात्र तुम्ही म्हणता त्याच्या जवळ जाणारं काम झालंय. हरभऱ्याच्या मरीची बुरशी एकजात नाही, तिच्या चार जाती भारतात आहेत हे हवारे आणि नेने यांनी १९८२ ला दाखवलं. एका जातीला टिकणारा हरभरा दुसरीपुढं पडतो. आपल्या सीमेपलीकडं अन्निगेरी १ हा लोकांचा आवडता जुना हरभरा चौथ्या जातीला बळी पडायचा. रायचूरचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी डब्ल्यूआर ३१५ या प्रतिकारक हरभऱ्याशी त्याचा संकर केला, आणि प्रत्येक पिढीत रोपाचा डीएनए तपासून हवी तीच रोपं पुढं नेली. २०१९ ला सुपर अन्निगेरी १ आला. यात बाहेरचं जनुक बसवलेलं नाही, हरभऱ्याचंच हरभऱ्यात आणलंय, फक्त निवड डोळ्यांऐवजी डीएनएच्या खुणेवर केली. वर्षं वाचली.

पण शेवटी तो हरभराही आजारी रानातच पेरून बघितला गेला. डीएनएची खूण सांगते जनुक आहे. झाड उभं राहतं का हे मातीच सांगते. वांझ रोगाचंही तसंच, बंगळूरकडचा विषाणू पाटांचेरूच्या विषाणूपेक्षा जहाल आहे, म्हणून एका गावी पास झालेलं वाण दुसऱ्या गावी परत परीक्षेला बसवतात.

कयाधू

ताई, आज सकाळी गेलतो. सांगितल्यापरमानं केलं. पाणी साचायलं त्या खालच्या पट्ट्यात झाडं जास्त मेलीत हे खरं. तिथं खोडावर हातभर उंचीवर चट्टा हाय, हात लावला की मोडायलं. साल सोलली तर आत रेघ नाई, मूळ बी चांगलं हाय.

वरच्या अंगाला मात्र पाचातल्या दोन झाडात रेघ दिसली. काळी, तुमी सांगितली तशीच. फोटो काढलाय पण इथं चढंना.

आन एक खरं सांगतो. दुकानातलं बी दोन एकराला पुरलं नव्हतं. वरचं अर्धा एकर भाच्याकडचं घेतलं व्हतं.

दुधनाकाठ

@कयाधू, तुम्ही गेलात आणि खरं ते लिहिलंत, खूप बरं वाटलं.

खालच्या पट्ट्यातला मर नाही, तो फायटोफ्थोराचा करपा. रान चिबडलं की येतो. ७११ मर आणि वांझ यांना टिकणारी आहे, या करप्याला ती प्रतिकारक म्हणून दिलेलीच नाही. 'मर लागतच नाही' हे दुकानदाराचं वाक्य झालं. वाणाच्या माहितीपत्रकात कुठल्या रोगाला प्रतिकारक आणि कुठल्याला नाही हे लिहिलेलं असतं, ते मागून घेत जा. आता त्या पट्ट्यातून चर काढून पाणी बाहेर काढा. पुढल्या साली तिथं रुंद वरंब्यावर पेरा, म्हणजे मुळाशी पाणी थांबणार नाही.

वरच्या अर्ध्या एकरातलं रेघेचं लक्षण मरीचं आहे. भाच्याच्या बियाण्यात काय मिसळलंय हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मेलेली झाडं मुळासकट उपटून जाळा, त्या तुकड्यात पुढली तीन वर्षं तूर घेऊ नका. ज्वारी घेता आली तर फार चांगलं. तूर घ्याल तेव्हा बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळून घ्या, एकट्या त्याच्यावर विसंबू मात्र नका.

कयाधू

ज्वारीला रानडुकरं ठेवत नाईत ताई. बघू. बी कुठं मिळंल खात्रीचं?

निवृत्त_सहायक

परभणीला विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मे ला असतो, त्या दिवशी खरिपाचा मेळावा आणि बियाणे विक्री. १७ सप्टेंबरला रब्बीचा. मे महिन्यात पहाटेच निघा, रांग मोठी असते. बदनापूरलाही चौकशी करा. पिशवीवरचा टॅग आणि पावती पीक निघेपर्यंत जपा. आणि त्यातलंच थोडं वेगळ्या रानात, दुसऱ्या तुरीपासून लांब पेरून बियाण्यासाठी ठेवलंत तर दोन-तीन वर्षं निभतं.

जुनं_बियाणं

मधमाशीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आमच्याकडं एक लाल बारीक तूर आहे, पणजीपासूनची म्हणतात. ती अजून शुद्ध असेल का?

दुधनाकाठ

आजूबाजूला दुसरी तूर किती जवळ होती त्यावर आहे. पण ती फेकू नका. किलोभर बी कोरडं करून डब्यात ठेवा आणि बदनापूरच्या केंद्रात दाखवा. सिक प्लॉटवर तिचं एक तास पेरलं गेलं तर मला फार आनंद होईल. जी टिकली ती अशाच घराघरांतून आलेली आहे.

मांजरा

सासूबाईंसोबत बांधावर जाऊन आले. पाच झाडं आहेत. तिघांना कळ्या लागल्यात. दोन मात्र नुसतीच पसरलीत, पानं बारीक, फिक्कट हिरवी, कळीचा पत्ता नाही. त्या म्हणाल्या, ही दोन गेल्या साली पण फुलली नव्हती, पण हिरवी आहेत म्हणून राहू दिली. आणि बांधाला लागून आमची तूर आहेच.

दुधनाकाठ

ती दोन वांझ आहेत. हिरवी असल्यामुळंच कोळ्याला उन्हाळाभर घर मिळतं, आणि जूनमध्ये तुमची तूर उगवली की तो वाऱ्यावर तिकडं जातो. रोपं दीड महिन्याच्या आत सापडली तर शेंग जवळपास धरतच नाहीत. दोन्ही आजच मुळासकट काढून जाळा. उरलेल्या तिघांच्या शेंगा येळवशीला खा आणि मग तीही काढा. पुढल्या साली बांधावर नवीन बी टोकायचं, खोडवा राखायचा नाही. सासूबाईंना वाईट वाटेल, पण हे सांगायलाच हवं.

मांजरा

दोन उपटली. सासूबाईंनी स्वतः उपटली, मला हात लावू दिला नाही. तिसऱ्या झाडाजवळ थांबून पानं उलटीपालटी करून बघत होत्या. म्हणाल्या, तिला विचार, कोळी दिसतो कशानं.

दुधनाकाठ

भिंगानं. जितकं मोठं दाखवणारं मिळेल तितकं घ्या, कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला, शिरेजवळ बघा. पांढुरका, लांबट, गाजरासारखा दिसतो. सकाळच्या उन्हात पान तिरकं धरायला सांगा त्यांना.